कारखाना क्रमांक 183 : एका नाकारलेल्या रणगाड्याची वाटचाल

युद्ध ऐन भरात असताना रणगाड्यांच्या कारखान्यातला सर्वांत नकोसा माणूस म्हणजे सुधारणा सुचवणारा. नवा भाग आला की नवे साचे आले, यंत्रांची नवी जुळणी आली, कामगारांना पुन्हा शिकवणे आले. आणि तेवढे दिवस आघाडीवर जाणारे रणगाडे कमी. सोव्हिएत संघाच्या कारखाना क्रमांक 183 मध्ये मात्र अशा माणसांचे एक अख्खे खातेच होते. अलेक्सांद्र मोरोझोव्ह यांच्या हाताखालच्या त्या डिझाइन ब्युरोला एक हुकूम येई, की टी-34 मध्ये काही बदलू नका, फक्त जास्त बांधा. आणि त्याच टपालाने दुसरा येई, की टी-34 पेक्षा सरस रणगाडा तयार करा. या कात्रीत 1942-43 च्या हिवाळ्यात टी-43 हा नमुना जन्मला आणि वर्षभरात बाजूलाही पडला. युद्धाच्या इतिहासांत त्याच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. मला मात्र वाटते, की ही कचेरी कशी विचार करत होती हे गाजलेल्या टी-34 पेक्षा या नाकारलेल्या रणगाड्यावरूनच नीट कळते.

हा कारखाना मुळात खारकोव्हचा, आणि आगगाडीच्या इंजिनांचा. 1895 मध्ये, झारच्या राजवटीत सुरू झालेला. क्रांतीनंतर त्याला कॉमिन्टर्नचे नाव मिळाले, इंजिनांच्या जोडीला ट्रॅक्टर बनू लागले आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीला रणगाड्यांचे काम करणारा एक छोटा गट तिथे बसवला गेला. त्यांचा पहिला मध्यम रणगाडा टी-24 दोन डझनांच्या आसपास बांधून थांबला. मग अमेरिकेतून जे. वॉल्टर ख्रिस्टी या अवलिया अभियंत्याचे दोन रणगाडे आले. टरेट काढून, कागदोपत्री शेतीचे ट्रॅक्टर म्हणून आले. खारकोव्हला सांगण्यात आले, असेच बनवा. त्यातून बीटी ही मालिका निघाली : वेगवान, पातळ चिलखताची, ट्रॅक उतरवून नुसत्या चाकांवरही सडकेने धावणारी. ख्रिस्टीच्या रचनेतली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कहाणीत आडवी येते. सस्पेन्शनच्या उंच स्प्रिंगा चिलखताच्या आत, बाजूच्या भिंतींना लागून बसत. बाहेरच्या माऱ्यापासून त्या सुरक्षित राहत, पण आतली जागा खात.

1937 साल या कचेरीला पोळून गेले. बीटी-7 च्या गिअरबॉक्सच्या बिघाडांचे खापर आधीच मुख्य अभियंता अफानासी फिर्सोव्ह यांच्या डोक्यावर फुटले होते; त्या वर्षीच्या धरपकडीत ते पकडले गेले आणि त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. डिझेल विभागाचे प्रमुख कॉन्स्टन्टिन चेल्पान यांचेही तेच झाले. चेल्पान यांच्या विभागात तेव्हा व्ही-2 हे इंजिन आकाराला येत होते : बारा सिलिंडर, 38.8 लिटर, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि रणगाड्यासाठी 500 अश्वशक्ती. पेट्रोलवर चालणारे रणगाडे सहज पेट घेत असल्याच्या काळात डिझेलचे एवढे ताकदीचे आणि तरी हलके इंजिन दुसऱ्या कुणाकडे नव्हते. ते पुरे झाले तेव्हा चेल्पान हयात नव्हते.

फिर्सोव्ह यांच्या जागी मिखाईल कोश्किन आले. तरुणपणी मॉस्कोत मिठाईच्या कारखान्यात काम केलेला, तिशी उलटल्यावर लेनिनग्राडला जाऊन अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस. लष्कराला हवा होता ए-20, म्हणजे बीटीसारखाच चाकांवरही धावणारा रणगाडा. कोश्किन यांनी त्याच्या जोडीला ए-32 मांडला, फक्त ट्रॅकवर चालणारा. चाके फिरवणारी गुंतागुंतीची यंत्रणा गाळली, तिचे वजन वाचले, आणि ते वजन त्यांनी चिलखतात घातले. पुढे चिलखत 45 मिलिमीटरपर्यंत नेऊन तिरपे बसवले, 76 मिलिमीटरची तोफ चढवली, आणि 19 डिसेंबर 1939 रोजी टी-34 या नावाने तो सैन्यात घ्यायचे ठरले. मार्च 1940 मध्ये दोन नमुने खारकोव्हहून मॉस्कोपर्यंत स्वतःच्या ट्रॅकवर, हिवाळ्यातल्या आडवाटांनी नेण्यात आले. कोश्किन सोबत होते. 17 मार्चला क्रेमलिनमध्ये स्टालिनसमोर रणगाडे फिरवून झाले. कोश्किन यांना त्या प्रवासात न्यूमोनियाने गाठले. 26 सप्टेंबर 1940 रोजी, वयाच्या 41 व्या वर्षी ते खारकोव्हजवळच्या एका आरोग्यधामात वारले.

त्यांच्यामागे मोरोझोव्ह आले. त्यांची सगळी कारकीर्द याच कारखान्यातली. चौदाव्या वर्षी ते तिथे नकलनवीस म्हणून लागले आणि आराखड्याच्या फळ्यावरच वाढले. कोश्किन यांच्या गोष्टीत नाट्य आहे, म्हणून पुतळे आणि चित्रपट त्यांच्या वाट्याला येतात. मोरोझोव्ह यांच्या वाट्याला आली ती दुरुस्ती.

कारण दुरुस्तीची गरज पहिल्या दिवसापासून होती. टी-34 च्या टरेटमध्ये दोनच माणसे मावत. एक तोफेत गोळा भरणार, दुसरा नेम धरून डागणार. हा दुसराच रणगाड्याचा कमांडर. म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून शत्रू शोधायचा, चालकाला दिशा द्यायची, जमल्यास बाकीच्या रणगाड्यांशी मेळ ठेवायचा आणि गोळाही आपणच डागायचा, हे सगळे एकाच माणसाने. सोव्हिएत लष्कराने 1940 मध्ये जर्मनीकडून पँझर-3 विकत घेऊन त्याच्या कसून चाचण्या केल्या होत्या. चिलखत आणि तोफ यांत तो टी-34 च्या पासंगालाही पुरत नव्हता. पण त्याच्या टरेटमध्ये तीन माणसे होती, कमांडरला चौफेर पाहता येईल असा छोटा घुमट होता, आणि त्याचे हात मोकळे होते. ही गोष्ट तज्ज्ञांच्या नजरेतून सुटली नाही. ब्युरोने लगेच टी-34एम या सुधारित रणगाड्याचे काम हाती घेतले. त्यात तीन माणसांचे टरेट, जाड चिलखत, आणि आतली जागा खाणाऱ्या स्प्रिंगांऐवजी तळाशी आडवे बसणारे टॉर्शन बार, म्हणजे पिळ्याने धक्का झेलणारे पोलादी दांडे. ते वर्षाच्या आतच उत्पादनात आणायचे असेही ठरले. 22 जून 1941 ला जर्मन फौजा सरहद्द ओलांडून आल्या आणि टी-34एमची फाइल मिटली.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. सहा महिने आधी किंवा वर्षभर आधी ती फाइल पुरी झाली असती तर, असे इतिहासकारांना वाटत राहते. मला वाटत नाही. टी-34 च्या क्लचपासून गिअरबॉक्सपर्यंतचे रोग तेव्हा अजून पुरते कळायचे होते. ते आघाडीवरच कळले, आणि फार महाग पडले.

सप्टेंबर 1941 मध्ये कारखाना उचलून उरल पर्वतापलीकडे न्यायचा हुकूम आला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटची गाडी सुटली, आणि 24 तारखेला खारकोव्ह पडले. यंत्रे, अर्धवट रणगाडे, आराखड्यांच्या गुंडाळ्या आणि माणसे निझ्नी तागिलला पोचली. तिथे 1936 मध्ये सुरू झालेला रेल्वेचे डबे बनवणारा प्रचंड कारखाना होता, उरलव्हागोनझावोद. त्याच छपराखाली कारखाना क्रमांक 183 पुन्हा उभा राहिला आणि वर्ष संपण्यापूर्वी तिथून टी-34 बाहेर पडू लागले. कामगारांत स्त्रिया आणि किशोरवयीन मुले मोठ्या संख्येने होती. निष्णात वेल्डर कुठून आणायचे हा प्रश्न येव्हगेनी पातोन यांनी सोडवला. सत्तरी ओलांडलेले पातोन कीव्हहून आपली वेल्डिंगची संस्था घेऊन तागिललाच आले होते. चिलखताचे सांधे आपोआप जोडणारी त्यांची यंत्रे 1942 पासून चालू झाली. ज्या कामाला वर्षांचा सराव लागे ते थोड्या शिक्षणावर होऊ लागले. शिवाय एकेका भागाचे आराखडे सोपे करून, काही भाग गाळून, एका रणगाड्यामागे लागणारे मनुष्यतास 1943 पर्यंत जवळपास निम्म्यावर आणले गेले. मोरोझोव्ह यांच्या ब्युरोचे या काळातले खरे काम हेच होते : रणगाडा चांगला करणे नव्हे, स्वस्त करणे.

त्यांचे खाते मात्र चांगला करण्यासाठीच होते. 1942 मध्ये टी-34 चा एक नमुना अमेरिकेत ॲबर्डीनच्या चाचणी मैदानावर गेला. चिलखताच्या रचनेचे आणि इंजिनाचे कौतुक झाले, हवेच्या फिल्टरची मात्र अक्षरशः लाज निघाली. धूळ थेट इंजिनात जात होती. देशातल्या तक्रारी तर होत्याच. चार वेगांच्या गिअरबॉक्समुळे चालकाला दांडा ओढताना अंगातली सगळी ताकद लावावी लागे. त्या वर्षी ब्युरोने आधी टी-34एस या नावाने पाच वेगांचा गिअरबॉक्स आणि मोठे टरेट यांचा प्रयोग केला आणि मग टी-34एमची मिटलेली फाइल पुन्हा उघडली. तीच टी-43.

या नमुन्यामागचा हिशेब साधा होता. टी-34 चे जेवढे भाग जसेच्या तसे वापरता येतील तेवढे वापरायचे. इंजिन तेच, तोफही सुरुवातीला तीच 76 मिलिमीटरची. बदल तीन ठिकाणी. सस्पेन्शन टॉर्शन बारचे, म्हणजे आत जागा झाली. टरेट तीन माणसांचे, कमांडरला घुमटासह. चिलखत समोर 75 मिलिमीटर आणि टरेटवर 90. चालकाशेजारी बसणारा मशीनगनवाला गाळला आणि माणसे चारच ठेवली. चेल्याबिन्स्कहून कोतिन या दुसऱ्या रचनाकाराच्या गटाचा केव्ही-13 हा मध्यम वजनात जड चिलखत देऊ पाहणारा नमुना तेव्हा स्पर्धेत होता, म्हणजे अशा रणगाड्याची गरज फक्त मोरोझोव्ह यांनाच वाटत होती असे नाही. टी-43 चे पहिले नमुने तयार झाले, चाचण्यांत धावले. वजन चौतीस टनांच्या घरात गेले होते आणि अश्वशक्ती तीच 500. त्यामुळे तो टी-34 एवढा चपळ राहिला नाही. तरी कागदावर तो सर्वार्थाने सरस होता, आणि वसंतात पाहणाऱ्या कुणालाही वाटले असते, की वर्षअखेरीला कारखाना याच्यावरच चालेल.

तसे झाले नाही, आणि त्याला जर्मन टायगर कारण ठरला. जानेवारी 1943 मध्ये लेनिनग्राडच्या आघाडीवर एक टायगर जवळजवळ धडधाकट हाती लागला होता. एप्रिलमध्ये कुबिन्काच्या मैदानात त्याच्यावर वेगवेगळ्या तोफा डागून पाहिल्या. टी-34 ची तोफ दोनशे मीटरवरूनसुद्धा त्याच्या बाजूचे चिलखत भेदू शकली नाही. विमानांवर मारा करणारी 85 मिलिमीटरची तोफ मात्र किलोमीटरभर अंतरावरून त्याचे समोरचे चिलखत फोडत होती. जुलैमध्ये कुर्स्कच्या लढाईत हे सगळ्यांच्याच अनुभवाला आले. टी-43 चे सगळे शहाणपण त्या एका चाचणीने उणे पडले. त्याने चिलखत वाढवले होते, पण टायगरच्या 88 मिलिमीटरच्या गोळ्यापुढे तेही पुरे नव्हते; आणि तोफ तर जुनीच होती. मोठी तोफ लागणार हे ठरले. पण त्यासाठी सगळा रणगाडाच बदलायचा का?

ही त्या वर्षातली खरी खडाजंगी. टी-34 तेव्हा एका कारखान्याचा उरला नव्हता. गोर्कीचा सोर्मोव्हो, ओम्स्क, चेल्याबिन्स्क, स्वेर्दलोव्स्क सगळे तोच बांधत होते. खारकोव्ह गेले होते, स्टालिनग्राडचा कारखाना 1942 मध्ये लढाईतच गेला होता. अशा वेळी टी-43 साठी जुळणी बदलायची म्हणजे पंगत बसलेली असताना चूल हलवण्यासारखे होते. टॉर्शन बार घ्यायचे तर सगळा खालचा सांगाडा बदलणार; काही आठवडे तरी हजारोंची उत्पादनसंख्या ढासळणार. रणगाडा उद्योगाचे कमिसार व्याचेस्लाव्ह मालिशेव्ह आणि त्यांच्या वरचे यांनी हिशेब घातला, तो असा : टी-43 चा खालचा भाग नको, वरचा घ्या. त्याच्यासाठी आखलेले प्रशस्त टरेट टी-34 च्या अंगावर बसवा, आणि त्यात 85 मिलिमीटरची तोफ घाला.

बोलायला सोपे. टी-34 च्या वरच्या पत्र्यातले टरेटचे कडे सुमारे 1420 मिलिमीटर व्यासाचे होते; ते 1600 पर्यंत रुंद करावे लागले, आणि त्याखालचा सांगाडा त्या वजनाने कुठे वाकणार नाही हे पुन्हा तपासावे लागले. तोफेवरूनही दोन गटांत चुरस झाली. फ्योदर पेत्रोव्ह यांच्या डी-5टीला आधी संधी मिळाली; वासिली ग्राबिन यांच्या गटाची एस-53 नंतर सुधारून झिस-एस-53 म्हणून रूढ झाली. टरेटचा मानही एकट्या तागिलचा नाही. सोर्मोव्होच्या व्याचेस्लाव्ह केरिचेव्ह यांनी तिथे टरेट रेखले, आणि जानेवारी 1944 मध्ये डी-5टी तोफेसह पहिले टी-34-85 सोर्मोव्होतूनच बाहेर पडले. तागिलची ओळ मार्चमध्ये सुरू झाली. श्रेय कुणाचे यावर रशियन लेखकांत अजून वाद चालतो. माझ्या दृष्टीने वाद गौण आहे, कारण कल्पनेचे बीज त्या नाकारलेल्या नमुन्यात होते हे दोघेही मान्य करतात.

पाच वेगांचा गिअरबॉक्स आणि सुधारलेले हवेचे फिल्टर 1943 मध्येच जुन्या टी-34 वर चढले होते, तेही याच सुधारणेच्या कामातून. म्हणजे टी-43 एकदम आला नाही. त्याचा एकेक अवयव वेगळा होऊन टी-34 मध्ये शिरला. फक्त सस्पेन्शन राहिले आणि जाड चिलखताची खालची पेटी राहिली. टी-34-85 चे खालचे चिलखत समोरून अजूनही 45 मिलिमीटरच होते. वजन 32 टनांपर्यंत चढले, आणि आत आता पाच माणसे होती. कमांडरचे हात मोकळे झाले. पण हे सगळे साधेपर्यंत फार उशीर झाला होता असे म्हणणाऱ्यांना मी खोडून काढणार नाही. सोव्हिएत युद्धहानीची मोजदाद करणारे क्रिव्होशेएव यांच्या आकडेवारीनुसार सगळ्या युद्धात टी-34 जातीचे जवळपास 45 हजार रणगाडे कामी आले. त्यांतल्या माणसांपैकी किती जणांचा जीव त्या दोन माणसांच्या टरेटमुळे गेला, याचा हिशेब कुठल्याही कचेरीने ठेवलेला नाही.

मोरोझोव्ह यांच्या कचेरीत मात्र त्या राहिलेल्या सस्पेन्शनचे काय झाले, हे सांगितले पाहिजे. 1943 च्या अखेरीला, टी-34-85 चे काम अजून टरेटभोवती अडले असतानाच, त्यांनी नवा आराखडा मांडला. या वेळी तडजोड नव्हती. टॉर्शन बार घेतलेच. शिवाय इंजिन लांबीला न ठेवता आडवे ठेवले, त्यामुळे मागचा भाग आखूड आणि एकूण उंची कमी झाली, वाचलेले वजन समोरच्या चिलखतात गेले. चालकाशेजारचा माणूस पुन्हा गाळला. तो टी-44. खारकोव्ह ऑगस्ट 1943 मध्ये परत मिळाले होते आणि तिथल्या उद्ध्वस्त कारखान्याला रणगाडे बांधता यावेत म्हणून हाच रणगाडा देण्यात आला. त्याचे अठराशेच्या वर नग निघाले, लढाईत मात्र त्याला संधी मिळाली नाही. त्यावर 100 मिलिमीटरची तोफ बसवण्याच्या प्रयत्नातून 1945 मध्ये टी-54 चे नमुने झाले, 1947 पासून तो तागिलमध्ये बनू लागला, आणि त्याचा पुढचा अवतार टी-55 अर्ध्या जगात पसरला. 1971 च्या युद्धात तो आपल्याही पलटणींत होता.

1951 मध्ये मोरोझोव्ह खारकोव्हला परत गेले. त्यांच्यासोबत ब्युरोचा एक भाग गेला, दुसरा तागिलमध्येच राहिला आणि पुढे लिओनिद कार्त्सेव्ह यांच्या हाती आला. इथून या संस्थेच्या दोन संस्था झाल्या आणि दोन स्वभाव झाले. खारकोव्हने धाडसी, सगळाच नवा असा टी-64 काढला. तागिलने जुन्यात जमेल तेवढेच बदलायचे हा युद्धातला धडा धरून ठेवला आणि टी-72 काढला. सोव्हिएत संघ फुटल्यावर दोन्ही शाखा दोन देशांत पडल्या. 2022 पासून त्या एकमेकींच्या विरुद्ध लढताहेत.

आपल्याकडे अहिल्यानगरला, म्हणजे कालपर्यंतच्या अहमदनगरला, चिलखती दलाची शाळा आहे. तिथे शिकणारे जवान ज्या टी-72 आणि टी-90 वर तयार होतात आणि के. के. रेंजवर गोळे डागतात, ते दोन्ही तागिलच्या शाखेचे. पाकिस्तानने 1990 च्या दशकात 320 टी-80यूडी घेतले ते खारकिव्हच्या, म्हणजे पूर्वीच्या खारकोव्हच्या, शाखेकडून, आणि भारताने फेब्रुवारी 2001 मध्ये 310 टी-90 चा करार केला तो बराचसा त्याला उत्तर म्हणून. खारकिव्हने आपल्या रणगाड्यात दोन-धक्क्यांचे नवेच इंजिन बसवले. टी-90 चे डिझेल मात्र चेल्पान यांच्या व्ही-2 च्याच वंशातले आहे : बारा सिलिंडर, 38.8 लिटर, फक्त 500 च्या जागी 1000 अश्वशक्ती.